पंधरा वर्षांनी परतलेला सत्यान्वेषी

१९३२ साली बंगाली वाचकांना व्योमकेश बक्षी भेटला. स्वतःला गुप्तहेर न म्हणवता सत्यान्वेषी म्हणवणारा, धोतर नेसणारा आणि कोलकात्याच्या मध्यमवर्गीय घरात राहणारा हा तरुण पाहता पाहता लोकप्रिय झाला. १९३६ नंतर मात्र त्याच्या नव्या कथा येणे थांबले. बिहारमधील मुंगेर येथील वकिली सोडून पूर्ण वेळ लेखनाला वाहून घेतलेले त्याचे निर्माते शरदिंदू बंद्योपाध्याय १९३८ मध्ये मुंबईला आले आणि हिमांशू राय यांच्या बॉम्बे टॉकीजसाठी पटकथा लिहू लागले. व्योमकेशचे लग्न झाले होते, तो संसारात स्थिरावला होता, आणि आता त्याच्याविषयी सांगण्यासारखे काही उरले नाही, असे लेखकाला वाटले असावे.

वाचकांना तसे वाटत नव्हते. पुढे कोलकात्याच्या एका भेटीत, बंगाली लेखक परिमल गोस्वामी यांच्या घरच्या मुलामुलींनी, व्योमकेशच्या गोष्टी तुम्ही का लिहीत नाही, असे शरदिंदूंना विचारले, आणि १९५१ मध्ये ‘चित्रचोर’ या कथेतून सत्यान्वेषी परतला. एका थोर लेखकाने मुलांच्या आग्रहाला मान द्यावा, ही बंगाली साहित्यातील मला अतिशय प्रिय असलेली घटना आहे.

या पुनरागमनाचे खरे मोल कळते ते मात्र १९५२ च्या ‘दुर्गरहस्य’ या कादंबरीत. तिचे पूर्वखंड आणि उत्तरखंड असे दोन भाग आहेत, आणि पूर्वखंडात व्योमकेश कुठेच नाही. तिथे आहे तो डोंगराळ मुलखातला एक किल्ला, नवाबी अमलात तो बांधणारे एक धनाढ्य घराणे, आणि १८५७ ची धामधूम. शिपायांची टोळी चालून येत असल्याचे कळताच घराण्यातले वडीलधारे आपले सोनेनाणे दडवून ठेवतात. टोळी येते, रक्तपात होतो, आणि धन कुठे आहे हे सांगणारे कोणीच उरत नाही. काही पानांतच शरदिंदू जवळजवळ शतकभराचे अंतर ओलांडून आपल्याला त्याच ओसाड किल्ल्यात आणून सोडतात, जिथे इतिहासाचे एक प्राध्यापक मृतावस्थेत सापडले आहेत. मृत्यू सर्पदंशाने झाल्यासारखा दिसतो. पण प्राध्यापकांच्या मुठीत एक जुनी सोन्याची मोहर आहे.

तपासासाठी आलेल्या व्योमकेशच्या हाती फारसीतला एक मजकूर लागतो, आणि त्यातल्या एका नावाचा अर्थ उलगडेपर्यंत पुढची वाट सापडत नाही. तो अर्थ येथे सांगणे योग्य नव्हे. एवढेच म्हणता येईल की, पलाशीच्या (प्लासीच्या) लढाईची आठवण ज्याच्या मनात ताजी आहे, त्यालाच तो सुचू शकतो. माझ्या मते या कादंबरीचे सामर्थ्य इथेच आहे, कारण अनेक रहस्यकथांत इतिहास केवळ सजावटीपुरता येतो, तर येथे तो काढून टाकला तर गुन्ह्याचा हेतूही उरत नाही आणि उकलही उरत नाही. मारेकऱ्याची हाव आणि प्राध्यापकांचे कुतूहल ही दोन्ही १८५७ मध्ये दडवलेल्या त्या धनाभोवतीच फिरतात.

हे योगायोगाने घडलेले नाही. शरदिंदूंची दुसरी ओढ ऐतिहासिक कादंबरीची होती, आणि स्कंदगुप्ताच्या काळात घडणारी त्यांची ‘कालेर मंदिरा’ याच सुमारास, १९५१ मध्ये प्रसिद्ध झाली होती. गुप्तकाळ जिवंत करणारी लेखणी आणि खुनाचा माग काढणारी लेखणी ‘दुर्गरहस्या’त एकत्र आल्या.

१९५२ मध्येच चित्रपटाचे काम सोडून शरदिंदू पुण्यात स्थायिक झाले. त्यानंतरच्या पुण्यातील वर्षांत त्यांनी व्योमकेशच्या आणखी अनेक कथा लिहिल्या, शिवकाळातल्या सदाशिव नावाच्या मराठी मुलाच्या साहसकथा बंगाली मुलांसाठी रचल्या, आणि विजयनगरच्या पार्श्वभूमीवरील ‘तुंगभद्रार तीरे’ या कादंबरीसाठी १९६७ मध्ये रवींद्र पुरस्कार मिळवला. बासू चटर्जी यांच्या दूरदर्शन मालिकेतून रजित कपूर यांचा व्योमकेश मराठी घराघरांत पोहोचला, तो १९९३ मध्ये. सिंहगड आणि पुरंदर ज्याच्या जिल्ह्यात आहेत, त्या पुण्यातील वाचकांनी किल्ल्याच्या पोटातले हे रहस्य मूळ कादंबरीतूनही अनुभवावे, अशी माझी मनापासून इच्छा आहे.