टेम्सकाठची जंगी

(नदीच्या पाण्यावरून कॅमेरा हळूहळू काठाकडे)

काटेरी झुडपांत अर्धी बुडालेली ही करडी खोली. लांबून मला ती पंपघर वाटली होती. जवळ गेले तेव्हा भिंतीतली फट दिसली. गडकिल्ले फिरलेल्या कुणालाही ही फट ओळखू येईल. आपण तिला जंगी म्हणतो. आत उभं राहून बाहेरच्या शत्रूवर बंदूक रोखायची जागा.

ही इंग्लंडमधली टेम्स. लंडनपासून खूप वर, लेचलेड गावाच्या खालच्या अंगाला. इथे पात्र इतकं अरुंद आहे की पलीकडच्या काठावर चरणाऱ्या गाई शेपटीने माश्या वारताना दिसतात. दुसऱ्या महायुद्धात, १९४०च्या उन्हाळ्यात या एवढ्याशा नदीला खंदक मानलं गेलं.

फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या डंकर्कहून ब्रिटन आणि मित्रदेशांचे ३ लाख ३८ हजार सैनिक जिवानिशी सुटले होते, पण त्यांच्या बहुतेक तोफा आणि गाड्या फ्रान्समध्येच राहिल्या होत्या. जर्मन फौज कधीही उतरेल अशी धास्ती होती. देशाच्या संरक्षणाची जबाबदारी जनरल आयर्नसाइड यांच्यावर आली. हाताशी रणगाडे पुरेसे नव्हते. मग शत्रूचे रणगाडे निदान पाण्यावर तरी अडवू, म्हणून नद्या आणि कालव्यांच्या कडेने संरक्षणरेषा आखली गेली आणि काँक्रीटच्या चौक्या उठू लागल्या. इंग्रजीत त्यांना पिलबॉक्स म्हणतात. देशभरात अशी सुमारे २८ हजार बांधकामं झाली.

जुलैमध्येच आयर्नसाइड यांच्या जागी जनरल ॲलन ब्रुक आले. त्यांना काठावर वाट बघत बसलेली नाही, तर झपाट्याने हलणारी फौज हवी होती. आणि शत्रू तर आलाच नाही.

(आतला अंधार, मग टॉर्चचा उजेड)

वाकून आत यावं लागतं. सहा भिंती, मधोमध इंग्रजी वाय अक्षरासारखी आडभिंत. जंगीतून गोळी आत आलीच, तर ती भिंतींवरून उसळत सगळ्यांना लागू नये म्हणून. छत तोलायचं कामही तिचंच.

आता या भिंतीवर हात फिरवा. सेंट्रिंगच्या फळ्यांचे ठसे उठलेत. लाकडाच्या रेषा, एक गाठसुद्धा. स्थानिक ठेकेदारांची माणसं दिवसरात्र राबत होती. लाकडाची टंचाई इतकी, की कित्येक चौक्यांना फळ्यांऐवजी विटांचंच सेंट्रिंग केलं आणि ते तसंच ठेवून दिलं. आज त्या विटा आधी सुटतात आणि आतलं काँक्रीट उघडं पडतं.

(कोपऱ्यातली गंजलेली सळई, अगदी जवळून)

खरी झीज मात्र आतून चालते. ताज्या काँक्रीटमध्ये चुन्यासारखी अल्कली असते, ती सळईला गंजू देत नाही. पण हवेतला कार्बन डायऑक्साइड ओलाव्यासोबत वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि ते कवच मरतं. मग सळई गंजते. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि तेवढ्या ताकदीने काँक्रीटला बाहेर ढकलतो. आधी केसाएवढी भेग, मग पोपडा, मग ढलपी. हिवाळ्यात भेगेतलं पाणी गोठून फुगतं आणि काम पुढे नेतं. खालून नदी काठाची माती नेत राहते. या चौकीचा एक कोपरा पाण्याकडे कललाय. दाराचा उंबरठा आता सरळ नाही, पाऊल ठेवलं की जाणवतं.

मला हे बघवत नाही. तरी हेही खरं, की ढलपी पडली म्हणून आतली खडी दिसते, सळयांमधली वेडीवाकडी अंतरं दिसतात, त्या उन्हाळ्यातली घाई दिसते. १९९५ ते २००२ या काळात शेकडो स्वयंसेवकांनी देशभर फिरून अशा सुमारे २० हजार लष्करी जागांची नोंद केली. त्या नोंदी झाल्या नसत्या, तर कित्येक चौक्या नावानिशाणीशिवाय गेल्या असत्या. काहींची दारं बुजवून, फक्त एक फट ठेवून, आता तिथे वटवाघळांना आसरा दिलाय.

(जंगीतून बाहेर, नदीकडे)

दुपार कलली की या जंगीतून उन्हाची एक पट्टी आत येते. आधी जमिनीवरच्या चिखलावर, मग हळूहळू आडभिंतीवर चढते आणि फळीच्या त्या गाठीपाशी येते. बाहेर एक नाव जाते. तिची लाट काठावर आपटते, आणि थोडी माती पाण्यात उतरते.