सुगीतली नानकटाई

बेळगावहून जांबोटीकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, खानापूर तालुक्यातील या लाल मातीच्या पट्ट्यात, नवरात्र सरता सरता भाताचा रंग पालटू लागतो. धूळवाफेत पेरलेले किंवा नंतर चिखलात लावलेले हे पीक आता लोंब्यांच्या भाराने वाकले आहे. दोन एकरांच्या या शेतातील कुटुंबाचे लक्ष मात्र दिवाळीपेक्षा आभाळाकडे अधिक आहे. कारण परतीच्या पावसाने कापलेले भात गाठले, तर दाण्यांना लोंबीतच मोड फुटतात आणि पिंजरही काळे पडून जनावरे त्याला तोंड लावत नाहीत.

कापणी पैऱ्याने चालते. आज या शेतात विळा घेऊन उतरलेल्या शेजारणींच्या रानात उद्या-परवा या घरची माणसे जातील. पैसे कोणी देत-घेत नाही, पण कोण किती दिवस आले याचा हिशेब प्रत्येकीच्या डोक्यात चोख असतो. कापलेल्या मुठी जमिनीवर आडव्या पसरून त्यांना दोन-तीन उन्हे दिली जातात, कारण कापणीच्या वेळी दाण्यात साधारण 20 टक्क्यांहून अधिक ओलावा असतो आणि साठवणीपूर्वी तो 14 टक्क्यांच्या आसपास यावा लागतो. भात वाळण्याचे हे दिवस म्हणजेच बायकांची उसंत, आणि नानकटाईचा बेत याच उसंतीत बसवावा लागतो.

दुपारी बांधावर भाकरी सोडली जाते. शेजारच्या तुकड्यातील रताळी तोवर निखाऱ्यांत भाजून निघतात. उकडलेल्या रताळ्याची याच्याशी बरोबरी करू नये.

संध्याकाळी मात्र सगळ्या मैत्रिणी एकाच घरच्या ओसरीवर जमतात. हवेत गारवा आल्यामुळे तूप थिजून रवाळ झालेले असते, आणि तेच हवे असते. परातीत घेतलेले हे तूप पिठीसाखरेबरोबर तळहाताने घासून फेसले जाते. त्याचा पिवळेपणा जाऊन ते पांढरेशुभ्र आणि हलके होईपर्यंत हात थांबत नाही, कारण त्यात कोंडलेल्या हवेमुळेच नानकटाई पुढे खुसखुशीत होते. मग मैदा, थोडे बेसन, मूठभर रवा, चिमूटभर सोडा आणि वेलची. दमलेला हात परात पुढच्या मैत्रिणीकडे सरकवतो. पैरा इथेही चालूच राहतो.

भाजण्यासाठी मात्र बाजाराच्या गावातील बेकरी गाठावी लागते. तिथल्या विटांच्या भट्टीत आधी लाकडे पेटवून आतला घुमट तापवतात आणि निखारे बाजूला ओढतात. पहिल्या कडक आचेवर पाव भाजले जातात. भट्टी थोडी निवली, की नानकटाईची पाळी येते, कारण तिला 180 अंशांच्या आसपासची मवाळ आच लागते. त्याहून जास्त आचेत ती वरून करपते आणि मध्ये कच्ची राहते. टोस्ट सर्वांत शेवटी, उरलेल्या उबेत सुकतात. त्यामुळे इथे येणाऱ्या बायकांना घड्याळापेक्षा भट्टीच्या कलाने थांबावे लागते.

“काकी, पीठ सैल झालंय, आनी मूठभर मैदा घाला,” असे भट्टीवाला पीठ बोटाने दाबूनच सांगतो, आणि काकी, मनात काहीही असले तरी, मैदा घालतात. गोळे पत्र्यांवर अंतर ठेवून मांडले जातात, लांब दांड्याच्या फळीने आत सरकवले जातात, आणि थोड्याच वेळात त्यांच्या माथ्यावर तडे उमटतात. किलोमागे ठरलेली भाजणावळ चुकती केली जाते.

गरम नानकटाईवर झाकण लावले तर वाफेने ती मऊ पडते, म्हणून डबे उघडेच गाडीत ठेवतात आणि सगळ्या रस्ताभर कोणी ना कोणी त्यांवर पदर धरून बसते. सकाळी भारे बांधायचे असतात. पैऱ्याच्या रानात न्याहारीला नेण्यासाठी एक डबा घरी पोचताच बाजूला काढला जातो, आणि मुलांचा हात पडू नये म्हणून त्याला कणगीमागे जागा मिळते.