अर्धा डॉलर

(दृश्य: धुळीने पिवळट झालेलं आभाळ. झाडाखाली बसलेल्या बायका, मांडीवर पोरं.)

डिसेंबर लागला की सहारावरून हरमॅटन वारा सुटतो. डोळ्यांत धूळ, घशाला कोरड. सेनेगलपासून इथिओपियापर्यंत या दिवसांची लोकांना धास्ती, कारण मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूच्या आवरणाला सूज आणणाऱ्या आजाराच्या, साथी याच दिवसांत येतात. 1996-97 च्या साथीत अडीच लाखांहून जास्त माणसं आजारी पडली, 25 हजार दगावली. वाचलेल्यांपैकी कित्येकांचे कान गेले.

लस होती, पण तिचा असर थोड्याच वर्षांत ओसरायचा आणि तान्ह्या मुलांना तर तिचा फारसा उपयोगच नसायचा. टिकाऊ लस बनवण्याचं तंत्र श्रीमंत देशांकडे होतं. मोठ्या कंपन्यांना मात्र या गिऱ्हाइकात पैसा दिसत नव्हता.

2001 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि ‘पाथ’ या संस्थेने काम हाती घेतलं. आफ्रिकेतल्या अधिकाऱ्यांनी स्पष्ट सांगितलं, डोस अर्ध्या डॉलरच्या आत बसला तरच परवडेल. खरी करामत मला इथेच दिसते. आधी भाव ठरला, मग त्या भावात बसेल अशी लस घडवायला घेतली.

(दृश्य: पुणे. काचेच्या कुप्यांची सरकती रांग.)

ती घडली पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. मेनिंजायटिसच्या जंतूच्या अंगावर साखरेचं कवच असतं. नुसती साखर टोचली तर शरीर तिला थोड्याच वर्षांत विसरतं. तीच धनुर्वाताच्या प्रथिनाला जोडून दिली, की पक्कं लक्षात ठेवतं. जोडायची ही कृती अमेरिकेच्या सरकारी प्रयोगशाळेतून आली. धनुर्वाताचं प्रथिन तर सीरमच्या घरचंच.

6 डिसेंबर 2010 ला पश्चिम आफ्रिकेतल्या बुर्किना फासोमध्ये मोहीम सुरू झाली. 1 ते 29 वयाच्या सगळ्यांना एकेक टोचणी.

(दृश्य: कुपीवरच्या खुणेचा क्लोज-अप.)

हा गोल बघा. आतला चौकोन फिका आहे तोवर लस चांगली. उष्णतेने तो गडद होत गोलाच्या रंगाला आला, की कुपी फेकायची. 2012 मध्ये या लसीला 40 अंशांपर्यंतच्या उष्म्यात चार दिवस बर्फाविना ठेवायची मुभा मिळाली. त्याच वर्षी बेनिनमध्ये लस तशी नेली. जिथे वीजच नाही, तिथे रोज बर्फ गोठवून पोचवण्याची यातायात टळली.

ही लस जंतूच्या ‘ए’ प्रकारावरची. 2017 नंतर या पट्ट्यात त्या प्रकाराचा एकही खात्रीशीर रुग्ण नोंदला गेलेला नाही. सी, डब्ल्यू, वाय, एक्स हे भाऊबंद मात्र उरले होते. 2024 मध्ये नायजेरियात पाचही प्रकारांवरची लस पोचली. तीही पुण्याहूनच.