अंडरडॉग म्हणजे लिंबूटिंबू नव्हे

नमस्कार मंडळी. आजचा शब्द अंडरडॉग. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत कुत्र्यांच्या झुंजी चालायच्या, त्यात खाली दबलेला तो अंडरडॉग आणि वरचा टॉप डॉग, तिथनं हा शब्द आला. आपले पेपरवाले सरळ लिंबूटिंबू लिहून मोकळे होतात, पण मला ते पटत नाही, लिंबूटिंबू आउट झाला तरी त्याला कोणी आउट देत नाही, त्याला खेळात धरलेलंच नसतं. अंडरडॉगला सगळे नियम लागू. तो हरलेला नसतो, हरणार असं लोकांनी धरलेलं असतं. परत सांगतो, हरलेला नाही, हरणार असं धरलेला.

आता माझा लाडका किस्सा, घरचे कंटाळलेत, तुम्ही ऐका. ११ फेब्रुवारी १९९०, टोकियो. बॉक्सिंगची हेवीवेट चॅम्पियनशिप. एकीकडे चॅम्पियन माइक टायसन, ३७ फाइट, ३७ जिंकलेल्या, समोर बस्टर डग्लस, त्याच्यावर पैजेचा भाव ४२ ला एक, म्हणजे तो जिंकला तर एका डॉलरला बेचाळीस, बऱ्याच बुकींनी तर बेटिंगच घेतलं नाही, आणि डग्लसची आई जाऊन महिनासुद्धा झाला नव्हता. बेल झाली आणि हा गडी लांब हातांनी टायसनच्या तोंडावर जॅब, म्हणजे सरळ ठोसे, मारतोय, मारतोय, मारतोय. टायसनचा डोळा सुजला, तर त्याच्या माणसांकडे सूज दाबायची साधी लोखंडी पट्टीपण नाही, रबरी हातमोज्यात गार पाणी भरून डोळ्यावर धरलं, म्हणजे तयारी कशी होती बघा. आठव्या राउंडच्या शेवटी टायसनने अपरकट, म्हणजे खालून हनुवटीवर ठोसा, घातला, डग्लस आडवा, रागाने जमिनीवर मूठ आपटली, आणि नऊला उठला, रेफरीने दहा मोजले की खेळ खलास. नऊला हं. आणि दहाव्या राउंडमध्ये टायसन आयुष्यात पहिल्यांदा खाली पडला, गुडघ्यांवर रांगत माउथपीस, म्हणजे दातांवरचं रबरी कवच, चाचपतोय, सापडलं, दातात धरलं, तेही वाकडंच, एक टोक बाहेर लोंबतंय, आणि रेफरीचे दहा झाले.

आणि ही कॉमेंटेटर मंडळी, धुतली जाणारी कुठलीही टीम दिसली की अंडरडॉग म्हणतात, अरे स्कोअर झाल्यावर काय म्हणताय, तो शब्द टॉसच्या आधीचा आहे. डग्लसलाही अंडरडॉग म्हणायचं ते त्या रात्री बेल व्हायच्या आधी. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तो चॅम्पियन म्हणून इव्हांडर होलीफिल्ड या बॉक्सरपुढे उतरला आणि तिसऱ्या राउंडमध्ये आडवा झाला, या वेळी काही उठला नाही.