धानाच्या बांधीत एका रात्रीचं थिएटर

(दृश्य: कापणी झालेली बांधी, म्हणजे बांध घातलेलं धानाचं शेत. दोघं सुतळी ताणून धरतात, तिसरा कुदळीने रेघ ओढतो.)

भाऊबीज झाली की झाडीपट्टीतल्या गावागावांत मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, तारखा निघतात. भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरचा पूर्व भाग, म्हणजे धानाचा आणि जंगलाचा पट्टा. दिवसा मंडई, कुठे शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. होळीपर्यंत हेच चालतं. नाट्यमंडळांची बुकिंग होतात गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशात. कलावंत, पडदे, ऑर्गन तिथून निघतात. थिएटर मात्र कोणी पाठवत नाही, ते गावाला खणावं लागतं.

पहिला प्रश्न, कोणती बांधी? ज्या बांधीत उभ्या धानातच लाखोळी किंवा जवस पेरला आहे ती सुटली, कारण धान कापल्यावरही तिथे पीक उभं असतं. लवकर निघणाऱ्या हलक्या धानाची बांधी हवी. मग माती. सिहार जमीन रेताड, खड्ड्याच्या कडा ढासळतात. कन्हार चिकण, पाऊस पडला की पाय रुततो आणि वाळली की भेगा. दोन्हींच्या मधली मोरांड मिळाली तर पाहायलाच नको. आणि रंगमंचाच्या बाजूला लागूनच खालच्या पातळीची दुसरी बांधी असावी. ती कशाला, ते पुढे येईल.

(दृश्य: जेसीबी, मग फावडी. माती दोन वेगळ्या ढिगांत पडते.)

आधी वरची चार बोटं माती काढून बाजूला ढीग करतात. ती कसाची माती, तिला रंगमंचाच्या भरावात टाकत नाहीत. मग ६० फूट रुंद आणि ८० फूट लांब असा खड्डा. मागच्या टोकाला खोली शून्य, रंगमंचापाशी दोन फूट. सरासरी एक फूट धरली तर ४,८०० घनफूट, म्हणजे ४८ ब्रास माती निघते. त्यातली साडेचौदा ब्रास ३० बाय २४ फुटांच्या, जमिनीपासून दोन फूट उंच रंगमंचाला जाते. उरलेल्या मातीची मागे आणि दोन्ही बाजूंनी पाळ घालतात.

खुबी इथेच आहे. रंगमंच जमिनीपासून दोनच फूट उंच, पण समोरच्या तळापासून चार फूट. अर्धी उंची खड्ड्याने फुकटात दिली. मात्र खणलेली माती सव्वापट फुगते. वीतभर थर टाकून, पाणी शिंपडून, धुम्मसाने चोपत वर आलं नाही, तर पहिल्याच नाचात मधोमध खचते. समोरच्या अंगाला बल्ल्या, म्हणजे लाकडी खांब, ठोकून मागे फळ्या लावाव्या लागतात. नुसत्या तट्ट्यावर भागवलं की मध्यरात्रीपर्यंत कड सुटायला लागते.

बैठकीचा हिशोब उताराशी बांधलेला आहे. खुर्चीचं तिकीट महाग, म्हणून खुर्ची पुढे. सपाट मैदानात हेच भांडणाचं मूळ, कारण जमिनीवर बसलेल्याला समोरच्याची पाठच दिसते. खुर्चीवरच्या माणसाचं डोकं तळापासून सव्वाचार फुटांवर येतं, जमिनीवर बसलेल्याचे डोळे अडीच फुटांवर. त्याला दोन फूट उचलला की साडेचार झाले. म्हणून खुर्च्या खोल तळाला आणि जमिनीची बैठक वरच्या अंगाला. मधल्या भागात उतार अजून चढलेला नसतो, तिथे पट्टाभर वाट सोडलेली बरी. बिछायतवाल्याची सतरंजी टाकण्याआधी खाली तनस, म्हणजे धानाचा पेंढा, पसरतात. ओल वर येत नाही आणि पहाटेच्या थंडीत तीच गादी. तनस आहे म्हटल्यावर विडी ओढायला पाळीच्या बाहेर, हे माइकवरून दर तासाला सांगावं लागतं. माणशी चार चौरस फूट जागा धरली आणि वाटा सोडल्या, तर सगळे जमिनीवर बसून हजारेक माणसं मावतात. माणशी सहा फूट खाणाऱ्या खुर्च्या वाढवल्या की गल्ला वाढतो आणि माणसं घटतात.

आता ती खालची बांधी. खड्ड्याचा सगळ्यात खोल भाग रंगमंचाला लागून असतो. महागाच्या खुर्च्या तिथे, वादकही तिथेच. अवकाळी सर आली तर पाणी पहिल्यांदा तबल्यापाशी येतं. त्यामुळे रंगमंचाच्या बाजूने, खड्ड्याच्या तळाहून खोल असा चर काढून पाणी खालच्या बांधीत सोडतात. चर आधी काढायचा, मंडप मागाहून. बल्ल्या रोवल्यावर चर आठवणारे गावचे आयोजक मंडळ दरवर्षी कुठेतरी सापडतंच.

(दृश्य: रंगमंचावर टांगलेले माइक. एकजण दोर ओढून उंची ठरवतो.)

झाडीपट्टीच्या रंगमंचाची ओळख म्हणजे वरून लोंबणारे माइक, नटाच्या डोक्याच्या वीतभर वर. नट फिरतो, पण महत्त्वाचं वाक्य आलं की पावलं आपोआप माइकखाली येतात. लोक या अभिनयाला बटबटीत म्हणतात, पण ८० फुटांवरच्या सतरंजीपर्यंत पोचायचं तर डोळ्यांची बारीक हालचाल काय कामाची? माइक वाढवले की आवाज वाढेल हा समज मात्र खोटा. उघडे माइक दुप्पट झाले की शिटी येण्याआधीची मोकळीक ३ डेसिबलने घटते. तीन माइकांत काम होत असेल तर सहा लावू नयेत, आणि स्पीकर कायम माइकच्या रेघेच्या पुढे ठेवावेत.

दुसरी चूक मागच्या बल्लीवरच्या भोंग्याची. २४ मीटर अंतर कापायला रंगमंचावरच्या आवाजाला सेकंदाचे सुमारे सात शतांश लागतात, भोंग्यातला आवाज मात्र तारेतून त्याच क्षणी पोचतो. मागच्यांना प्रत्येक संवाद दोनदा ऐकू येतो. शिवाय हिवाळ्यात रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची गरम असते, त्यामुळे वर गेलेला आवाज वाकून खाली येतो. शेजारच्या गावातही त्याच रात्री नाटक असलं, तर आपल्या शोकप्रसंगात तिकडची लावणी घुसते. म्हणून शेजारची दोन गावं तारखा जुळवून घेतात. निदान घ्यायला हव्यात.

आवाजाच्या नियमाप्रमाणे उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद, आणि इथे नाटक सुरूच होतं दहाच्या पुढे. ते पहाटेपर्यंत चालतं, कारण लांबून आलेल्या माणसाला मध्यरात्री परतायला वाहन नाही. पोलिसांची परवानगी आणि संहितेचं प्रमाणपत्र ही कामं गावच्या मंडळाने तिकिटं छापण्याआधी उरकावीत.

(दृश्य: दिव्याभोवती घोंगावणारे तुडतुडे.)

हंगामाच्या सुरुवातीला धानावरचे हिरवे तुडतुडे दिव्यावर झेपावतात. नटाने तोंड उघडलं की किडा आत. उपाय साधा आहे. पडदा उघडण्याच्या अर्धा तास आधी मंडपापासून लांब, उंचावर एक झगझगीत दिवा लावायचा आणि रंगमंचाचे दिवे मंद ठेवायचे.

विजेसाठी २५ केव्हीएचा जनरेटर सुमारे २० किलोवॉट देतो. हजार वॉटचे जुने दिवे लावले तर ते त्यातच हिशोबात धरा. पायाखाली ओली माती, कित्येक जण अनवाणी, वरून दव. इथे ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि नीट गाडलेलं अर्थिंग नसेल तर नाटक करूच नये.

दव आणखीही बरंच बिघडवतं. अंबाडीचा दोर फुगून कप्पीत अडकतो आणि राजवाड्याचा पडदा जंगलावर अर्धाच लोंबतो, म्हणून आता नायलॉनचा दोर. ऑर्गनच्या लाकडी पट्ट्या फुगून चिकटतात, म्हणून तो वाजत नसेल तेव्हा झाकून ठेवतात. वादक रंगमंचासमोर खाली बसतात ते नटाचा चेहरा दिसावा म्हणून. पदाची सुरावट नट ओठांनी नाही, नजरेने मागतो.

काही गावांत आता सिमेंटचे पक्के रंगमंच झाले आहेत. बहुतेक अरुंद. विंगेत दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याला प्रवेश करायला जागा नाही, आणि समोर मैदान सपाट. १५ ऑगस्टच्या भाषणाला ते चालतात. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे कलावंत डॉ. परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली, मान वाढला, पण नाटक अजून मातीतच उभं राहतं आणि पाहायला तिथेच बरं दिसतं.

पैशाची बाजू पटाशी जोडलेली. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने शर्यती थांबल्या, २०२१ च्या डिसेंबरमध्ये अटींसह परत सुरू झाल्या. पटाला आलेला पाहुणाच रात्री तिकीट काढतो. त्यामुळे ज्या गावांचं नाटक पटाच्या भरवशावर होतं, तिथला गल्लाही त्या मधल्या वर्षांत अडला.

(दृश्य: सकाळ. मंडप उतरलेला, खड्डा उघडा.)

नाटक संपलं की खड्डा भरायचा. आधी पाळीची आणि रंगमंचाची माती, चोपून. चर बुजवून बांधीची धुरी, म्हणजे बांध, पूर्ववत. सगळ्यात शेवटी बाजूला ठेवलेली वरची माती. क्रम चुकला तर पावसाळ्यात तेवढ्याच जागी पाणी साचतं आणि धान खालीवर होतं. त्याआधी मात्र दोरीला मोठं लोहचुंबक बांधून संपूर्ण जागेवरून दोनदा फिरवायचं. बल्ल्या-फळ्यांचे खिळे मातीत राहिलेले असतात, आणि रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, वेळी याच चिखलात बाया अनवाणी उतरतात.