दहा श्वास, एक मणी
(लघु माहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: सकाळचं धुकं. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या. धुऱ्यावरून एक बाई चालत येते.]

गडचिरोली जिल्हा. धान घरात आलंय, बांध्यांमध्ये आता नुसती धसकटं उरली आहेत. धुऱ्यावरून चालणाऱ्या या बाईच्या खांद्यावरची पिशवी बघा. तिच्यात एक वजनकाटा आहे, झोळीचं कापड आहे, थर्मामीटर आहे, घड्याळ आहे, साबणाची वडी आहे आणि घडी घालघालून मऊ पडलेला एक फॉर्म आहे. आजची गोष्ट या पिशवीची आहे.

ही या गावची आशाताई, म्हणजे गावातलीच आरोग्य कार्यकर्ती. निघाली आहे एका बाळंतिणीकडे. बाळ सरकारी दवाखान्यात जन्मलं, तिसऱ्या दिवशी ताई पहिल्यांदा घरी येऊन गेली, आज सातवा दिवस.

[दृश्य: ओसरी. लोट्यातलं पाणी, साबण, हात.]

घरात शिरल्यावर तिनं बाळाला हात लावलेला नाही. आधी लोटा मागितला. बोटांच्या बेचक्या, नखं, मनगटापर्यंत साबण. आणि आता नीट बघा, हात धुतल्यावर ते पदराला पुसत नाही ती. दोन्ही हात वर धरून उभी आहे, वाऱ्यावर सुकेपर्यंत. सासूबाई चहाचं विचारताहेत, ती मानेनंच थांबा म्हणतेय. हे उभं राहणं कुणी पाहत असो नसो, प्रत्येक खेपेला असतं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत या जिल्ह्यात किती घरांच्या ओसरीवर बायका अशा हात वर करून उभ्या राहिल्या असतील!

[दृश्य: झोळीत बाळ. काट्याची सुई थरथरते, स्थिरावते.]

झोळी आकड्याला अडकवली. सुई हलते आहे. ताई थांबते. बाळानं पाय झाडला की सुई पुन्हा नाचते, ती पुन्हा थांबते. घाईनं वाचलेलं वजन खोटं असतं, हे तिला शिकवलेलं आहे.

आणि मग ती आईला विचारते. प्रश्न साधे आहेत, पण त्यातला एक शब्द ऐका. बाळ रडतं का, असं ती विचारत नाही. आधीसारखंच रडतं ना? आधीसारखंच दूध ओढतं ना? हातपाय आधीसारखेच हलवतं ना?

हा "आधीसारखं" शब्द कुठून आला, त्याच्यामागे किती वर्षांची मोजणी आहे, ते सांगण्यासाठी मागे जायला हवं.

[दृश्य: धानोरा रस्ता. दोन्ही बाजूंना जंगल. शोधग्रामची कमान.]

१९८२ साली चंद्रपूरमधून वेगळा काढलेला हा जिल्हा. मोह, तेंदू, बांबू. पावसाळ्यात नाले भरले की गावंच्या गावं तुटायची. १९८६ मध्ये डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग इथे आले. दोघंही नागपूरच्या मेडिकल कॉलेजचे, दोघांनीही अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचं शिक्षण घेतलेलं. तिथे संशोधन शिकलेली बरीच माणसं संशोधनासाठी तिथेच राहतात. हे दोघं परत आले आणि तेंदूपत्त्याच्या एका गोदामात त्यांनी काम सुरू केलं. संस्थेचं नाव "सर्च". पुढे चातगावजवळ संस्थेचा परिसर, शोधग्राम, उभा राहिला.

[दृश्य: दवाखान्याच्या झोपड्या. देवीचं नाव असलेली पाटी.]

दवाखान्याला नाव आहे मा दंतेश्वरीचं. इथल्या आदिवासींची ही देवी. दवाखाना मोठ्या इमारतीचा नको, आपल्या गावासारखा हवा, असं लोकांनी सांगितलं, म्हणून हा असा, झोपड्यांचा. बाहेर बसलेल्यांकडे पाहा, कुणी बिचकलेलं दिसत नाही. आमच्या कॅमेऱ्याला मात्र बिचकले सगळे.

इथल्या संशोधनाची रीत पहिल्यापासून एकच. आजार प्रयोगशाळेत शोधायचा नाही, घरात शोधायचा. दोन गावांतल्या साडेसहाशे बायकांची तपासणी झाली, तेव्हा शंभरातल्या ब्याण्णव जणींना स्त्रीरोग निघाला आणि त्याआधी तपासणी झालेल्या बायका होत्या शंभरात आठ. १९८९ साली हा अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दवाखान्यात बसून हा आकडा कधीच सापडला नसता. ज्या बायका दवाखान्यात येतच नव्हत्या, त्यांचाच तो आकडा होता.

मग मुलं. गावोगाव जन्म आणि मृत्यू मोजले गेले. जन्मलेल्या हजार बाळांमागे १२१ बाळं वर्षाच्या आत जात होती. त्यातली चाळीस टक्के न्यूमोनियानं.

[दृश्य: तळहातावर एक जुनं साधन. मण्यांच्या रांगा, बाजूला वाळूचं घड्याळ. कॅमेरा अगदी जवळ.]

आता हे बघा. निवांत बघा, कारण इतकी हुशार वस्तू फार क्वचित पाहायला मिळते.

न्यूमोनिया झाला की बाळाचा श्वास वाढतो. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त, मोठ्या बाळाचा पन्नास किंवा त्याहून जास्त. डॉक्टर घड्याळ लावून मोजतात. पण गावात बाळाजवळ डॉक्टर नसतो, सुईण असते. तिला लिहिता येत नाही, साठपर्यंत मोजायचं म्हटलं तर मधेच चुकते. दहापर्यंत मात्र बिनचूक मोजते. मग साधनच दहाचं केलं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं, ते एका मिनिटाचं. बाळाच्या पोटाकडे बघत राहायचं. दहा श्वास झाले, एक मणी सरकवायचा. पुन्हा एकपासून दहा, पुन्हा एक मणी. तान्ह्या बाळासाठी सहा मण्यांची रांग, मोठ्यासाठी पाच मण्यांची. शेवटचा मणी लाल. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकला तर न्यूमोनिया, औषध सुरू करायचं.

[दृश्य: सुरकुतलेलं बोट मणी सरकवतं. एक. दोन. तीन.]

[निवेदन थांबतं. दहा सेकंद फक्त मण्यांचा आवाज.]

शाळेत न गेलेल्या बाईच्या बोटांत निदान आलं ते असं. या गावांत आरोग्यसेवकांनी न्यूमोनियाच्या ६१२ आजारपणांवर उपचार केले. त्यांत मृत्यूचं प्रमाण राहिलं ०.८ टक्के. ही सेवा नसलेल्या, तुलनेसाठी घेतलेल्या गावांत ते १३.५ टक्के होतं. १९९० साली हेही लॅन्सेटमध्ये आलं.

तरी बाळं जात होतीच. आता जाणारी बाळं होती पहिल्या महिन्यातली, अगदी ओली. बाळंतपण घरात व्हायचं, अंधाऱ्या खोलीत. वार पडेपर्यंत बाळ तसंच जमिनीवर. मग अंघोळ. पहिलं दूध पिळून टाकायचं. आजारी पडलं तर घराबाहेर काढायचं नाही. घरच्यांना पोर नकोसं होतं म्हणून हे होत नव्हतं. जपण्याची त्यांची रीत ती होती.

[दृश्य: जुनी रजिस्टरं. उभ्या-आडव्या रेघा, निळ्या शाईतले आकडे.]

ही रजिस्टरं आम्ही मुद्दाम बराच वेळ दाखवतो आहोत. संशोधन म्हटलं की डोळ्यांसमोर काचेच्या नळ्या येतात. इथलं संशोधन हे आहे. १९९३ पासून दोन वर्षं नुसती मोजणी. ३९ गावं अभ्यासाची, ४७ गावं तुलनेची. मग त्या ३९ गावांतून आरोग्यदूत निवडल्या गेल्या. त्याच गावच्या बायका, पाचवी ते दहावी शिकलेल्या. बाळंतपणाला सुईणीच्या शेजारी बसायचं आणि पुढे महिनाभर ठरलेल्या दिवशी त्या घरी जायचं. बाळ कमी वजनाचं किंवा अपुऱ्या दिवसांचं असेल तर खेपा जास्त. दर पंधरा दिवसांनी डॉक्टर गावात येऊन नोंदी पडताळायचे.

पहिल्या वर्षी ७६३ बाळांच्या नोंदी झाल्या. त्यातल्या ५४ टक्के बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती. ती मिळाली २.६ टक्क्यांना.

आणि या नोंदींमधूनच "आधीसारखं" हा शब्द वर आला.

[दृश्य: प्रशिक्षणाची खोली. जमिनीवर बसलेल्या बायका, मधे बाहुली.]

या गावांत पहिल्या महिन्यातला सगळ्यात मोठा मारेकरी होता जंतुदोष, म्हणजे रक्तात पसरलेला संसर्ग. तो ओळखायला मोठ्या दवाखान्यात रक्त काढतात, अहवालाची वाट पाहतात. इथे रक्त तपासणार कोण? पण बाळ स्वतः सांगत असतं. आधी नीट रडत होतं, आता रडणं बारीक झालं किंवा थांबलं. आधी नीट पीत होतं, आता ओढत नाही. हातपाय आधी आखडलेले असायचे, आता ढिले पडले. आई म्हणते, अंगाला गार लागतं किंवा तापलंय. पोट फुगलं किंवा ओकाऱ्या होतात. छाती आत ओढली जाते किंवा श्वास मिनिटाला साठच्या वर गेला. बेंबीत किंवा कातडीवर पू झाला. या सातांपैकी कुठलीही दोन लक्षणं एका वेळी दिसली की जंतुदोष धरायचा.

पहिली तीन लक्षणं पुन्हा ऐका. त्यांत पुस्तकातल्या सरासरी बाळाशी तुलना नाही. या बाळाची तुलना कालच्या याच बाळाशी आहे. एखादं बाळ मुळातच हळू रडतं, दुसरं घर डोक्यावर घेतं. ते ठाऊक असतं आईला, आणि चौथ्यांदा घरी आलेल्या बाईला. एकेका रुग्णाला जोखून उपचार करण्याची आज जगभर चर्चा आहे. जनुकं वाचणारी यंत्रं त्यासाठी लागतात म्हणतात. लागत असतील. पण रुग्ण ओळखीचा असणं हे त्याच्या आधी लागतं, आणि ते या खोलीत जमिनीवर बसून शिकवलं गेलं.

[दृश्य: बाहुलीच्या मांडीवर सुई टोचण्याचा सराव.]

निदान झालं, आता औषध. तोंडानं द्यायचं औषध होतंच. त्याच्या जोडीला लागणार होतं जेंटामायसिन या जंतुनाशक औषधाचं इंजेक्शन. सातवी शिकलेली बाई तान्ह्या बाळाला सुई टोचणार, यावर डॉक्टरांच्या जगात भुवया उंचावल्या. काळजी खोटी नव्हती. म्हणून रीत ठरली. लक्षणं दिसली की आरोग्यदूतानं आईबापांना आधी दवाखान्यात न्यायचा सल्ला द्यायचा. ते नाहीच म्हणाले तर लेखी संमती घेऊन घरीच उपचार. वजनावरून मात्रा. सराव आधी बाहुलीवर, पुन्हा पुन्हा, हात थरथरायचा थांबेपर्यंत.

या बाईचे हात बघा.

[दृश्य: हात. सिरिंज. हवेचा बुडबुडा वर सरकतो, थेंब बाहेर येतो.]

बाकीच्या वस्तू तिथेच मांडून ठेवल्या आहेत. जन्मल्यावर न रडणाऱ्या बाळाला श्वास देण्यासाठी मास्क आणि दाबायची पिशवी. घशातला चिकटा ओढायची नळी. कमी वजनाच्या बाळासाठी शिवलेली उबदार पिशवी, आत पाय घालून गळ्यापर्यंत बांधायची. यातली एकही वस्तू वीज मागत नाही.

[दृश्य: आलेख. दोन रेषा.]

निकाल १९९९ च्या डिसेंबरमध्ये लॅन्सेटमध्ये छापला गेला. सुरुवातीला अभ्यासाच्या गावांत हजारामागे ६२ बाळं पहिल्या महिन्यात दगावत होती, तिसऱ्या वर्षी २५. तुलनेच्या गावांत आकडा साठच्या आसपास होता तसाच राहिला. जंतुदोष झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आलं. एका बाळामागचा खर्च सव्वापाच डॉलरच्या जवळपास. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं नवजात बाळांसाठी घरभेटींची शिफारस केली. २०११ मध्ये भारत सरकारनं आशांमार्फत ही योजना देशभर नेली. सुई मात्र आशाच्या पिशवीत आली नाही.

[दृश्य: पुन्हा ती ओसरी. ऊन आत आलंय.]

आता बहुतेक बाळंतपणं दवाखान्यात होतात. रस्ते झाले, मोबाइल आले. पण दवाखान्यातून दोन-तीन दिवसांत घरी आलेलं बाळ पुढचे पंचवीस दिवस याच ओसरीवर असतं. म्हणून या खेपा. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा, बेचाळिसावा.

ताईनं बाळाची कुंची सारून टाळूवर हात ठेवला. मग तळपाय चाचपले. पोट गरम आणि तळपाय गार असतील तर बाळाला थंडी वाजते आहे, हे ती सासूबाईंचा हात धरून त्यांच्याच तळव्याला समजावते आहे. सासूबाई दोनदा हात लावून पाहतात. मग काही न बोलता उठून पायमोजे शोधायला आत जातात.

वजन फॉर्मवर चढलं. पुढची तारीख बाळाच्या आईच्या हातावर पेनानं लिहून झाली, कारण कागद हरवतो असं तिचंच म्हणणं. काटा पिशवीत गेला, झोळी घडी होऊन गेली. चहा आता घ्यावाच लागणार आहे.

[दृश्य: दारात आशाताई. आत आईच्या मांडीवर बाळ. चेहरा दिसत नाही, मूठ दिसते.]

चपला घालता घालता ती पुन्हा वळून विचारते, काही वेगळं वाटलं तर फोन करशील ना?

आई मांडीवरच्या लेकीकडे बघत सांगते, तुम्ही मागल्या टायमाला आल्ता ना बाई, त्याच्याहून जोरात रडते आता.

[दृश्य: ताई परत ओसरीवर येते. पिशवीतून फॉर्म बाहेर काढते. उभ्याउभ्याच लिहिते.]