फळ नेमकं कुठं लागतं?

मे महिन्याचा पहिला आठवडा. कपिलतीर्थ मार्केटात आंब्याच्या पेट्या, कलिंगडांचे ढीग, करवंदांचे वाटे. कोल्हापूरच्या पोरांना फळं ओळखायला शिकवावं लागत नाही. पण यातलं कुठलं फळ झाडाला कुठं लागतं, असं विचारलं की भलेभले गप्प होतात. अशाच एका घरातला धाकटाही झाला. म्हणून रविवारी सकाळीच आई, बाबा, आज्जी आणि दोन्ही पोरं गारगोटीवरून आजऱ्याकडं निघाली, एका फळबागेत.

पाहुणे आले की आपण पन्हाळा, जोतिबा, रंकाळा दाखवतो. दाखवावाच. पण आजरा-चंदगडची तांबडी माती आणि तिथला धुवाधार पाऊस आपल्या मुलांनीही एकदा बघायला हवा. उष्ण प्रदेशातली किती झाडं तिथं सुखानं नांदतात!

फाटकाजवळच फणस. बुंध्याला, जमिनीपासून हातभर उंचीवर लटकलेला.

"आज्जी, हा एवढ्या खाली कसा काय?"

आज्जीचं माहेर आजऱ्याचं. ती फणसावर थापटी मारून आवाज ऐकते आहे. "बारक्या फांदीला एवढा भार सोसंल का रं?"

फणस २५-३० किलोचाही भरतो. त्याची फळं धरतात ती बुंध्यावर आणि जाड फांद्यांवर. आणि हे एक फळ नव्हेच. शेकडो फुलं एकत्र वाढून हा फणस होतो. एकेक गरा म्हणजे एकेक फूल. ज्या फुलांत फळ धरलं नाही, त्यांची गऱ्यांमधली चिवट पाती झाली.

पुढं काजू. पिवळंधमक बोंड, आणि बी त्याच्या आत नाही, खाली बाहेर लोंबते आहे. खरं फळ ही बीच. रसाळ बोंड म्हणजे फुगलेला देठ. थोरली हात लावायला जाते, आज्जी तिचा हात धरते. काजूच्या टरफलातलं तेल कातडी भाजून काढतं. मूळ ब्राझीलचं हे झाड १६व्या शतकात पोर्तुगीजांनी आणलं. आज चंदगड-आजऱ्यात कित्येक घरांचा संसार त्यावर चालतो.

चिकू, पपई, पेरू, अननस हेही मूळचे अमेरिका खंडातलेच. रातांबा मात्र इथला, सह्याद्रीतला. त्याच्या सालीचं आमसूल होतं.

केळीपाशी मुलं सगळ्यात जास्त रमली. माळ्यानं केळफुलाचं एक जांभळं पान हळूच उचललं. खाली पिवळसर फुलांच्या दोन ओळी, दाटीवाटीनं. सुरुवातीच्या पानांखालची मादी फुलं. त्यांच्याच फण्या होतात. टोकाकडची नर फुलं गळून जातात. आणि ते जाड खोड? पानांच्या बुडाचं सोपटावर सोपट गुंडाळलेलं. लाकूड कुठंच नाही.

दुपारी आंब्याच्या सावलीत फणस फोडला. कडक गऱ्यांचा कापा निघाला, बाबा खूश. आज्जीनं हाताला आणि विळीला आधीच खोबरेल तेल चोळलं होतं, नाहीतर चीक सुटता सुटत नाही. गरे संपायला वेळ लागला नाही. वाद झाला तो आठळ्यांवरून. आईला त्या आमटीत घालायच्या होत्या, पोरांना लावायच्या होत्या. माळी म्हणाले, लावायच्या तर आजच लावा, वाळली की आठळी रुजत नाही. मग निम्म्या आठळ्या आईच्या पिशवीत गेल्या, निम्म्या रोपवाटिकेतल्या मातीत.